पितळी तोटी : घडण, पारख आणि निगा

गावाच्या नळपाणीपुरवठा योजनेचा विचार सुरू झाला की, विहीर वा तलाव, पंपघर, जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाकी आणि गल्लोगल्ली जाणाऱ्या जलवाहिन्या यांचा हिशेब प्रथम मांडला जातो. अंदाजपत्रकाची बहुतेक पाने याच बाबींनी भरलेली असतात. घरोघरच्या नळाला बसणाऱ्या तोटीचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. वस्तुतः सारी योजना नागरिकाच्या हाती येते ती तोटी फिरविण्याच्या क्षणी. तोटी चांगली असेल तर पाणी हवे तेव्हा मिळते व नको तेव्हा थांबते. ती गळकी असेल तर मोठ्या खर्चाने उपसलेले आणि शुद्ध केलेले पाणी दारातल्या चिखलात जिरते.

हा प्रश्न लहान नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे १९ कोटी ग्रामीण कुटुंबांपैकी ३ कोटी २३ लाख कुटुंबांच्या घरी नळजोडणी होती. २०२५ च्या आरंभी ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली होती आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे सहा वर्षांहून कमी काळात सुमारे बारा कोटी घरांत नवी जोडणी पोहोचली. प्रत्येक जोडणीच्या टोकाला एक तोटी आली. शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रे आणि सार्वजनिक नळकोंडाळी यांच्या तोट्या निराळ्याच.

बाजारात मांडलेल्या दहा तोट्या बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यांचे गुण आणि दोष चकचकीत मुलाम्याखाली दडलेले असतात. म्हणूनच ही वस्तू कशी घडते, ती कोण घडवितो आणि तिच्यात उणेपणा कोठे शिरतो, हे ती खरेदी करणाऱ्या पंचायतीने, तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आणि मुलांना पाण्याचे मोल शिकविणाऱ्या शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे. या उद्योगाचा अनुभव एकच गोष्ट सांगतो : ग्राहक जे पारखून घेतो, तेच कारखानदार जपतो.

तोटीची गरज कशी निर्माण झाली

महाराष्ट्राला नळाने पाणी आणण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे भूमिगत नहर आणली. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुणे शहरात पाणी खेळविले. या योजनांत पाणी उताराने वाहत येई आणि हौदात पडे. लोक हौदातून घागरी भरून नेत. त्यामुळे घरोघरी पाणी अडवून धरणाऱ्या यंत्राची गरज नव्हती.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. लोखंडी नळांतून दाबाखाली येणाऱ्या अशा पाण्याचा प्रश्न निराळा असतो. ते अडविण्यासाठी पूर्वी युरोपात गट्टूचा कॉक वापरीत. त्यात मधोमध भोक असलेला निमुळता गट्टू पाव फेरा फिरविला की वाट उघडे किंवा बंद होई. कमी दाबाला हे ठीक होते. दाब वाढल्यावर मात्र असा कॉक झटक्याने बंद करताच धावते पाणी एकदम अडे, नळाला हादरा बसे आणि सांधे निखळत. यालाच जलाघात म्हणतात. यावर तोडगा निघाला तो इंग्लंडमधील रॉदरहॅम या गावी. तेथे एडवर्ड क्राइम्स यांनी १८४५ मध्ये आट्याच्या दांड्याने हळूहळू उघडणाऱ्या व मिटणाऱ्या तोटीचे एकस्व घेतले. आज खेड्यापाड्यांत दिसणारी साधी पितळी तोटी याच कुळातील आहे.

तोटीच्या पोटात काय असते

या तोटीचे मुख्य भाग मोजकेच आहेत. धडाच्या आत एक आडवा पडदा असून त्याला गोल भोक असते. भोकाच्या काठाला बैठक म्हणतात. वरच्या झाकणातून आट्यांचा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला चकती आणि चकतीला रबराचा वॉशर असतो. मूठ फिरविली की दांडा खाली उतरतो, वॉशर बैठकीवर दाबला जातो आणि पाणी थांबते. दांडा झाकणातून जेथे बाहेर येतो तेथे गळू नये म्हणून भरण दाबून बसविलेले असते.

या रचनेवरून तोटी गळण्याची कारणेही समजतात. चोचीतून थेंब पडत असतील तर वॉशर झिजला आहे किंवा बैठकीवर चरे पडले आहेत. मुठीखालून पाणी येत असेल तर भरण सैल झाले आहे. धडाच्या अंगावरच ओल दिसत असेल तर ओतकामात दोष आहे. पहिली दोन दुखणी गावात बरी करता येतात. तिसरे दुखणे जन्मजात असल्याने त्यावर उपाय नाही.

अलीकडे सिरॅमिक चकत्यांच्या तोट्याही रूढ झाल्या आहेत. त्यांत दोन अत्यंत कठीण व गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाव फेऱ्यात पाणी बंद होते. स्वच्छ पाण्यात त्या दीर्घकाळ टिकतात. तथापि पाण्यात वाळूचे कण असतील तर चकत्यांवर चरे पडतात, आणि मग सारा आतला भागच बदलावा लागतो. जेथे पाणी गाळ घेऊन येते तेथे स्वस्त वॉशर बदलून पूर्ववत होणारी साधी तोटी अधिक सोयीची ठरते.

पितळच का?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. लोखंड पाण्याने गंजते. गंजाचे पापुद्रे बैठकीवर आले की वॉशर नीट बसत नाही. शुद्ध तांबे गंजत नाही. परंतु ते महाग असून मऊ आहे, आणि त्यावर आटे स्वच्छ कापले जात नाहीत. जस्त मिसळल्याने धातू स्वस्त होतो, कणखर होतो आणि साच्यात चांगला वाहतो. पितळेत दोन-तीन टक्के शिसे घालण्याची प्रथाही जुनी आहे. शिशामुळे लेथवर कापताना लांब वेटोळी न निघता बारीक चुरा पडतो, हत्यार कमी झिजते आणि काम झपाट्याने होते. जड कामाच्या झडपांसाठी तांबे, कथील आणि जस्त यांचा गनमेटल नावाचा मिश्रधातू वापरतात.

महाराष्ट्राला हे धातू परके नाहीत. पुण्याची तांबट आळी, नाशिकची तांब्यापितळेची भांडी आणि भंडाऱ्याचे पितळकाम यांची कीर्ती जुनी आहे. मूस, ओतारी, कल्हई, झिलई, मोड हे शब्द मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरले आहेत. पोलादी भांडी आल्यावर हा व्यवसाय ओसरला. परंतु भांडे घडविणे आणि तोटी घडविणे यांत मोठा फरक आहे. भांडे ठोकून घडते व त्याला दाब सोसावा लागत नाही. तोटी मात्र ओतली जाते, कापली जाते आणि तिला रात्रंदिवस पाण्याचा दाब पेलावा लागतो.

ओतशाळेत

तोटीचा जन्म ओतशाळेत होतो. बाहेरचा आकार वाळूच्या किंवा लोखंडी साच्याने मिळतो. आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. हा गाभा किंचित जरी सरकला तरी धडाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून हा दोष कळत नाही.

पितळ वितळविणे हे नाजूक काम आहे. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते. म्हणून नवा मिश्रधातू करताना तांबे आधी वितळवून जस्त मागाहून घालतात. तरीही काही जस्त वाफ होऊन निसटते आणि हवेत पांढऱ्या धुराच्या रूपाने दिसते. भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली तर धुरात जस्त जाते व धातूत वायू शिरतो. थंड होताना हा वायू बारीक छिद्रांच्या रूपाने आतच अडकतो. अशी तोटी पुढे दाबाखाली पाझरते.

भारतातील पितळी नळसामानाचा बराच भाग मोडीपासून बनतो. यात गैर काही नाही. पितळ पुनःपुन्हा वितळविता येते, आणि जुन्या धातूचा असा पुनरुपयोग देशहिताचाच आहे. प्रश्न आहे तो निवडीचा. मोडीत लोखंड, अॅल्युमिनियम, डाख आणि निरनिराळ्या जातींचे पितळ मिसळलेले असते. गनमेटलमध्ये अॅल्युमिनियमचा अल्प अंश शिरला तरी ओतीव वस्तू पाझरू लागते. मोठे कारखाने प्रत्येक घाण्याचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात. लहान ओतशाळेत हे काम अनुभवी ओताऱ्याच्या नजरेवर आणि मोड निवडणाऱ्या हातांवर अवलंबून असते.

कातकाम, दाबाची परीक्षा आणि मुलामा

ओतलेल्या धडाचे जादा भाग कापून ते लेथवर चढवितात. बैठक सपाट करणे आणि आटे पाडणे ही येथील मुख्य कामे होत. ‘अर्धा इंची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजेच १५ मिलिमीटरच्या तोटीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर असतो, आणि एका इंचात १४ आटे असतात. अर्धा इंच हे नळाच्या आतल्या वाटेचे नाव आहे. आट्यांचे माप नव्हे. आटे उथळ पडले की जोडणारा कारागीर ताग किंवा टेप गुंडाळून वेळ मारून नेतो. तो सांधा काही महिन्यांनी गळू लागतो.

यानंतर खरी कसोटी येते ती पाण्याच्या दाबाची. तांब्याच्या मिश्रधातूंच्या ओतीव तोट्यांसाठी आय. एस. ७८१ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार तयार तोटीला दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅम दाब दोन मिनिटे सोसावा लागतो. त्या अवधीत ती गळता कामा नये आणि घामेजताही कामा नये. हा दाब किती, हे समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब पडतो. म्हणजे कसोटीचा दाब दोनशे मीटर उंच पाण्याइतका झाला. गावची टाकी पंधरा मीटर उंच असली तरी तिचा दाब दीड किलोग्रॅमच्या आसपास राहतो. मग एवढी कडक कसोटी कशासाठी? कारण जलाघाताचे हादरे नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट असू शकतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही धातूत पुरेशी ताकद उरली पाहिजे.

शेवटी घासकाम, झिलई आणि मुलामा. चकचकीत तोट्यांवर आधी निकेलचा आणि त्यावर क्रोमियमचा थर चढवितात. क्रोमियमचा थर सहसा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो डाग पडू देत नाही आणि शोभा आणतो. परंतु धातू वाईट असेल तर मुलामा त्याला चांगला करीत नाही, केवळ झाकतो. म्हणून दाबाची परीक्षा मुलाम्यापूर्वी घेणे हे चोख कारखान्याचे लक्षण मानले जाते.

उद्योगाची केंद्रे

या धंद्यात मोजके मोठे कारखाने आणि असंख्य लहान कारखाने शेजारी शेजारी नांदतात. सौराष्ट्रातील जामनगर, म्हणजेच पूर्वीच्या नवानगर संस्थानाची राजधानी, पितळी सुट्या भागांचे देशातील अग्रगण्य केंद्र आहे. पंजाबातील जालंधर हे झडपा, कॉक आणि नळजोडणीच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. उत्तर प्रदेशातील अलिगढ कुलपांबरोबर इमारतीच्या धातुसामानासाठीही ओळखले जाते.

जामनगरची कामाची वाटणी पाहण्याजोगी आहे. एक जण मोड आणतो व निवडतो, दुसरा ओततो, तिसरा सळया काढतो, चौथा आटे पाडतो, पाचवा झिलई करतो, सहावा मुलामा चढवितो. थोड्या भांडवलावर धंदा सुरू करता येत असल्याने शेकडो कारागीर येथे कारखानदार बनले. मागणी वाढली की काम अनेक हातांत लगेच विभागता येते. या पद्धतीची दुसरी बाजू अशी की, वस्तू अनेक दारांतून फिरते आणि दोष कोणाच्या दारी शिरला हे सांगणे कठीण जाते. साखळीच्या शेवटी दाबाची परीक्षा झाली नाही तर तो दोष थेट ग्राहकाच्या घरी पोहोचतो.

धंद्याचे अर्थकारणही ध्यानात घेतले पाहिजे. साध्या तोटीच्या किमतीत धातूचा वाटा मोठा असतो. तांब्याचा भाव जागतिक बाजारात ठरतो आणि त्यावर लहान कारखानदाराचा काडीचाही ताबा नसतो. भाव चढला आणि निविदा मात्र किमान दराचीच मागत असली की त्याच्यापुढे दोन वाटा उरतात : काम सोडणे किंवा धातू कमी करणे. प्रत्येक तोटीतून १०० ग्रॅम पितळ कमी केले तर हजार तोट्यांमागे एक क्विंटल पितळ वाचते. ही बचत कारखानदाराला तगवते, पण तिची किंमत पातळ धडाच्या आणि उथळ आट्यांच्या रूपाने गाव मोजते. यात दोष केवळ विकणाऱ्याचा नसतो. वजन न करता खरेदी करणाऱ्याने त्याला ती वाट दाखविलेली असते.

कामगारांचे आरोग्य

तोटीची खरी किंमत सांगताना ती घडविणाऱ्या कामगाराचा विसर पडू नये. ओतशाळेतील जस्ताचा पांढरा धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, घसा कोरडा पडतो व तोंडाला धातूची चव येते. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. रोजच्या धुराला शरीर सरावते, पण साप्ताहिक सुटीनंतर हा सराव मोडतो आणि कामाच्या पहिल्या दिवशी पुन्हा ताप येतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील कामगारांत याला सोमवारचा ताप असे नाव पडले होते. शिशाचा धूर अधिक घातकी, कारण तो लगेच जाणवत नाही व शरीरात साठत जातो. शिशाची धूळ कपड्यांबरोबर घरी गेली तर तेथील लहान मुलांनाही तिची बाधा होते. मुलाम्याच्या हौदावरील क्रोमियमच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला व त्वचेला व्रण पडतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने शिसेबाधा आणि क्रोमव्रण या दोहोंचा समावेश कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केला होता, यावरून या धोक्यांचे गांभीर्य ध्यानी येते.

यावरचे उपाय अवघड नाहीत. भट्टीवर धूर ओढून नेणारी चिमणी, धातू प्रमाणाबाहेर न तापविणे, कामाच्या जागी खाणेपिणे वर्ज्य करणे, घरी जाण्यापूर्वी अंघोळ व कपडेबदल आणि रक्तातील शिशाची नियमित तपासणी, एवढ्याने बराच फरक पडतो. मुलाम्याचे सांडपाणी प्रक्रिया केल्यावाचून नाल्यात सोडणे हा तर गुन्हाच होय. परंतु या साऱ्याला खर्च येतो आणि तो दरात धरावा लागतो. अतिस्वस्त तोटी घेणारा ग्राहक हा खर्च नकळत कामगाराच्या फुप्फुसांवर टाकीत असतो.

पाण्यात उतरणारा धातू

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे मराठी घरांना सांगावे लागत नाही. कल्हई त्यासाठीच होती. तोटीच्या बाबतीतही धातू अंशतः पाण्यात उतरतो. मात्र येथे काळजी तांब्यापेक्षा शिशाची आहे. पाणी तोटीत रात्रभर साचून राहिले, विशेषतः ते मृदू व किंचित आम्लधर्मी असले, तर शिशाचा अंश त्यात येऊ शकतो. नव्या तोटीत हे प्रमाण अधिक असते. भारतीय पेयजल मानक आय. एस. १०५०० (२०१२) नुसार एक लिटर पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक ठरलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेने २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या सामानात, पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांवर, शिशाची सरासरी मर्यादा ०.२५ टक्के केली. तेथे शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन घातलेले पितळ वापरले जाते. भारतीय निर्यातदारही अशा पितळेचा माल तयार करतात. म्हणजे तंत्र देशात उपलब्ध आहे.

तोवर एक साधी सवय उपयोगी पडते. सकाळी तोटी उघडल्यावर पहिले तांब्याभर पाणी झाडांना किंवा धुण्याला घ्यावे आणि पिण्याचे पाणी त्यानंतर भरावे. शाळांत सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी ही दक्षता विशेष घ्यावी.

दुसरा दोष क्षारयुक्त पाण्याचा. ज्यात क्लोराइडचे प्रमाण अधिक आहे अशा पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे लालसर, भुसभुशीत तांबे उरते. तोटीचा आकार कायम राहतो, पण ताकद जाते. एके दिवशी पिळताच ती तुटते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, जेथे स्थानिक विहिरींचे किंवा विंधन विहिरींचे खारे पाणी नळाला जोडलेले असेल तेथे, हा धोका विचारात घ्यावा. जस्ताचे प्रमाण कमी असलेला किंवा जस्त धरून ठेवणारा खास मिश्रधातू अशा ठिकाणी मागावा.

खरेदी करताना

संविधानाच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या कक्षेत ठेवलेला आहे. तेव्हा तोटीची पारख हे पंचायतीचेच काम ठरते. पुढील गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली गोष्ट चिन्हाची. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो पाहते. आय. एस. आय. चिन्हाबरोबर मानकाचा क्रमांक आणि सी. एम. / एल. ने सुरू होणारा परवाना क्रमांक असला पाहिजे. हा क्रमांक खरा की खोटा, हे ब्यूरोच्या बी. आय. एस. केअर या मोबाइल ॲपवर पाहता येते.

दुसरी गोष्ट वजनाची. आय. एस. ७८१ मध्ये किमान वजन दिलेले आहे. १५ मिलिमीटरच्या तोटीसाठी ते ४०० ग्रॅम आहे. आलेल्या मालातून कोणत्याही पाच-दहा तोट्या उचलून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलल्या तरी बरेच काही उघड होते. केवळ वजनावर मात्र विसंबू नये, कारण शिसे पितळेहून जड असते.

तिसरी गोष्ट धातूची. लोहचुंबक चिकटला तर धडात लोखंड आहे. मुलामा नसलेल्या जागी, म्हणजे आतल्या आट्यांवर, कानशीने किंचित खरवडल्यास पितळ पिवळे दिसते. जस्ताची किंवा अॅल्युमिनियमची ओतीव तोटी तेथे करडी-पांढरी दिसते.

चौथी गोष्ट बैठकीची व आट्यांची. झाकण उघडून बैठक सपाट व विनाचरा आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. नळाच्या चांगल्या तुकड्यावर तोटी हाताने काही आटे सहज चढली पाहिजे. ती डुगडुगता कामा नये. मोठ्या खरेदीत मोहोरबंद नमुना पंचायतीकडे ठेवावा आणि काही तोट्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेण्याची अट निविदेतच घालावी.

येथे प्लास्टिकच्या तोट्यांचाही विचार यावा. त्यांच्यासाठी आय. एस. ९७६३ हे मानक आहे. त्या गंजत नाहीत, स्वस्त असतात आणि मोडीच्या भावाने विकल्या जात नसल्याने चोरीस जात नाहीत. उघड्यावरील नळकोंडाळ्यासाठी किंवा शाळेच्या टाकीसाठी त्या सोयीच्या ठरू शकतात. उलट, जेथे आघात व ओढाताण अधिक आहे आणि दुरुस्ती गावातच करावयाची आहे, तेथे चांगली पितळी तोटी सरस ठरते. निवड जागा पाहून करावी.

एका थेंबाचा हिशेब

चांगली तोटी घेऊनही निगा राखली नाही तर खर्च वाया जातो. दर सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. तोटीच्या थेंबाचे आकारमान पाव मिलिलिटर धरले तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत २१.६ लिटर पाणी जाते. अशा शंभर तोट्या गावात असल्या तर दररोज २,१६० लिटर पाणी वाया जाईल. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने शंभर गळक्या तोट्या एकोणचाळीस माणसांच्या वाट्याचे पाणी दररोज पितात. ज्या गावांत पाणी ठरावीक वेळीच येते तेथे ही हानी त्या मानाने कमी होईल, पण तोटीच नसलेल्या उघड्या नळांची हानी याहून कितीतरी मोठी असेल.

शिक्षकांना यातून एक उत्तम पाठ घेता येईल. मुलांनी आपापल्या घरची गळती तोटी हेरावी, दहा मिनिटांत जमलेले पाणी मोजपात्राने मोजावे आणि दिवसाची, महिन्याची व वर्षाची हानी काढावी. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या तिन्हींचा त्यात समावेश होतो, आणि घरातील मोठ्यांनाही त्याचा विसर पडत नाही.

गळती दिसताच तोटी अधिक जोराने पिळणे ही सार्वत्रिक चूक आहे. त्यामुळे झिजलेला वॉशर फाटतो, धातूची चकती बैठकीवर घासते आणि चार आण्यांच्या दुखण्याचे मोठे दुखणे होते. मुख्य कॉक बंद करून झाकण उघडणे व नवा वॉशर घालणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने पाने, वॉशर, भरणाची दोरी आणि दोन-चार जादा तोट्या यांची पेटी ग्रामपंचायत कार्यालयात ठेवावी. गावातील तरुण-तरुणींना हे काम शिकवावे. पाणीपट्टीच्या जमेतून वर्षाकाठी अल्प रक्कम यासाठी राखून ठेवल्यास तक्रार येताच दुरुस्ती होऊ शकेल.

धरणे आणि जलवाहिन्या शासन बांधते. तोट्या दूरच्या जामनगर-जालंधरच्या ओतशाळांत घडतात. परंतु त्या ओतशाळेत कोणता धातू मुशीत पडावा, दाबाची परीक्षा घेतली जावी की टाळली जावी, धुराड्यावर खर्च व्हावा की न व्हावा, याचा निर्णय पुष्कळ अंशी खरेदीच्या टेबलावर होत असतो. ग्रामपंचायतीने काट्यावर तोललेली एक तोटी कारखानदाराला जे शिकविते, ते अनेक परिपत्रकांनी साधत नाही. गावाने नेमके मागितले आणि नेमके तपासले, तर प्रामाणिक कारखानदाराला बळ मिळेल, कामगाराला निर्धोक काम मिळेल आणि घरातल्या गृहिणीला मूठ फिरविताच थांबणारी तोटी मिळेल.